माधवरावांचं सर्क्युलेशन

माधवराव टिपणीसांना इंग्रजीने जन्मभर तसा त्रास दिला नव्हता. त्याचं मुख्य कारण म्हणजे त्यांनी तिला कधी उंबऱ्याच्या आत घेतलंच नव्हतं. पेणच्या शाळेत त्यांनी भूगोल शिकवला, तोही मराठीतून. खारे वारे, मतलई वारे, भरती-ओहोटी असे दणदणीत शब्द पदरी असताना परक्या भाषेपुढे हात पसरायची त्यांना गरज वाटली नाही. निवृत्तीनंतर ते पेणच्या लोकहित वाचनालयाचे कार्यवाह झाले. हे पद कुणी मागून घेत नाही. सभेला जो उशिरा येतो, त्याला ते मिळतं. माधवराव त्या दिवशी छत्री विसरल्यामुळे परत घरी गेले होते.

तर या माधवरावांना रोह्याला कार्यशाळेचं बोलावणं आलं. आसपासच्या तालुक्यांतल्या वाचनालयांचे कार्यवाह एका हॉलमध्ये जमले होते. नाश्त्याला उपमा होता आणि तो चांगला होता. शिकवायला मुंबईहून प्रतिक्षा मॅडम आल्या होत्या. वयाने माधवरावांच्या धाकट्या मुलीएवढ्या, पण बोलण्यात भलत्याच चटपटीत. त्यांनी एकेकाला उठवून विचारायला सुरुवात केली आणि माधवरावांवर येऊन थांबल्या.

"टिपणीस सर, पेणचं सर्क्युलेशन कसं आहे?"

माधवराव उभे राहिले. बाई आपली चौकशी करताहेत, हे त्यांना बरं वाटलं.

"उत्तम आहे," ते म्हणाले. "रोज सकाळी भोगावतीच्या काठाने फिरून येतो. डाव्या पायाला जरा मुंग्या येतात, पण डॉक्टर म्हणाले, वयोमानाने चालायचंच."

हॉलमध्ये जे हसू फुटलं त्यात पंख्यांचा आवाजही बुडून गेला. मुरूडच्या कार्यवाहांना तर ठसका लागला. पाण्याचा जग माधवरावांच्या शेजारी होता, त्यामुळे आपल्याला हसणाऱ्या माणसाला पाणी पाजायचं कामही त्यांच्याच वाट्याला आलं.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, सर्क्युलेशन म्हणजे पुस्तकांची देवघेव. पुस्तक वाचकाकडे जातं, परत येतं, पुन्हा दुसऱ्याकडे जातं. तुम्ही म्हणालात ते काही अगदीच चूक नाही. रक्तासारखंच आहे ते. थांबलं की वाचनालय संपलं."

हे शेवटचं वाक्य माधवरावांना लागलं. कारण लोकहितचं रक्त जवळजवळ थांबलेलंच होतं. येणारी माणसं म्हणजे पंख्याखाली पेपर वाचणारे पाच-सहा म्हातारे. पुस्तक घरी नेणारं कुणी असलंच, तर ते मागच्याच पिढीत नेऊन बसलं होतं. महिन्याभरात वरून तपासणी व्हायची होती. तीत वाचनालयाचा वर्ग खाली आला असता, तर अनुदान घटलं असतं. मग ग्रंथपाल म्हणून काम करणाऱ्या मनस्वीचं काय होणार, हे सांगायला समितीतलं कुणी तयार नव्हतं. मनस्वी खाडीकडच्या गावातली, शिकून आलेली, हुशार मुलगी. माधवरावांना ती 'सर' म्हणायची, आणि ते 'सर' तिच्या तोंडून ऐकताना त्यांना शाळा सुटलीच नाही असं वाटायचं.

परतीच्या गाडीत माधवराव खिडकीशी बसले आणि अपमानावर उपाय म्हणून तोच शब्द घोकू लागले. सर्-क्यु-ले-शन. भूगोलाच्या माणसाने एकदा पाठ केलं की ते मरेपर्यंत राहतं. निडी गेलं, नागोठणं गेलं, जीभ हळूहळू वळायला लागली. समोरच्या बाकावर एक धष्टपुष्ट म्हातारी पाय वर घेऊन बसली होती. ती बराच वेळ त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होती.

"काय जपताव, मास्तर?" तिने विचारलं. माधवरावांना कुणी न सांगताही लोक मास्तरच म्हणतात. तो चेहराच तसा आहे.

"सर्क्युलेशन," माधवराव रुबाबात म्हणाले.

म्हातारीने कपाळावर हात मारला. "आगो बाय! माजा पन तोच बंद पडलाय. रोह्याचे डॉक्टरनी आताच सांगला. बगा, पाय कसं सुजल्यान."

पाय खरोखरच सुजले होते. पण माधवरावांचं लक्ष पायांकडे नव्हतं. ज्ञान ताजं असलं की माणसाला समोरचा दिसत नाही.

"तुमचं वेगळं, आमचं वेगळं," ते म्हणाले. "आमचंही बंदच पडलं होतं म्हणा. पण आता सोमवारपासून पेणला सर्क्युलेशनचा नवा विभाग सुरू करतोय आम्ही."

"कोनाला पन घेताव?"

"कुणालाही! सभासद झालं की झालं. दारं सगळ्यांना उघडी."

"कुटं गो बाय... कुटं हाय ता?" म्हातारी लगबगीने उठत म्हणाली. कासू आलं होतं.

"लोकहित! गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत, कुणालाही विचारा! लोकहित..." गाडीचे ब्रेक किंचाळले, दारात बोचकी आणि माणसं यांची एकच झुंबड उडाली आणि म्हातारी खाली उतरली. 'वाचनालय' हा शब्द मात्र कासूला उतरला नाही. तो माधवरावांच्या तोंडातच राहिला आणि त्यांच्याबरोबर पेणला आला.

घरी आल्यावर त्यांनी अनसूयाबाईंना नवा शब्द दाखवला. अनसूयाबाई भाकऱ्या थापत होत्या.

"अहो, पण 'देवघेव' अशी पाटी आहे की तिथे."

"देवघेव म्हणजे वाण्याच्या दुकानासारखं वाटतं. जग कुठे चाललंय!"

"जग जाऊ दे. पेपर वाचायला येणारे दिघेकाका 'देवघेव' वाचून तरी आत येतात. हे वाचून दवाखान्यात जातील."

मोठ्या सुधारणांना पहिला विरोध घरातूनच होतो, असं माधवरावांचं मत होतं, आणि ते अनसूयाबाईंसमोर न मांडण्याइतका त्यांचा संसार जुना होता.

समितीकडून ठराव करून घेतला आणि पाटीचं काम निकेशकडे गेलं. निकेश त्यांचा जुना विद्यार्थी. भूगोलात कायम नापास, पण गणपतीचे डोळे रेखाटण्यात पेणमध्ये त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. परदेशी जाणाऱ्या मूर्तींचा माल भरायची घाई चालली होती. तरी मास्तरांसाठी म्हणून त्याने दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ब्रश उचलला.

"सर, या शब्दाचा अर्थ काय? म्हणजे जोडीला चित्र काढता येईल."

"अरे, जाणं-येणं. फिरणं. एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने घ्यायचं."

निकेशने दोन हात काढले. आता जन्मभर ज्याने गणपतीचे हात रंगवले, तो माणसाचे हात काढणार कसे? गुबगुबीत, गुलाबी, बोटांच्या पेरांवर खळ्या असलेले ते हात झाले. जाणं-येणं दाखवायला त्याने भोवती एक तांबडा बाण काढला आणि एक निळा. वर झोकदार अक्षरांत 'सर्क्युलेशन', आणि खाली 'सभासदांसाठी. चपला बाहेर काढाव्यात.' पाटी देखणी झाली, यात वाद नाही. फक्त बघणाऱ्याला असं वाटे की हे हात आता पाटीतून बाहेर येऊन पोटऱ्या चेपायला लागणार.

सोमवारी माधवरावांनी पाटी लावली, नारळ फोडला, आणि समोरच्या दुकानातल्या काळुरामला खोबरं दिलं. काळुरामचं आयुर्वेदिक तेलं, गुडघ्याचे पट्टे, शेकायच्या पिशव्या यांचं दुकान होतं. त्याने पाटी वाचली, खोबरं चघळलं आणि काहीच बोलला नाही. काळुराम काही बोलत नाही तेव्हा तो हिशेब करत असतो, हे माधवरावांच्या लक्षात यायला हवं होतं.

थोड्याच वेळाने कासूची ती म्हातारी दारात उभी राहिली. नाव गिरजाबाई. मागे तिच्या आळीतल्या आणखी बाया होत्या. कुणी कमरेवर हात ठेवून, कुणी भिंत धरून, पण सगळ्या ठणठणीत आवाजाच्या.

"आयलाव मास्तर," गिरजाबाई म्हणाली. "सगल्या सभासद व्हायच्या हायत."

माधवरावांना भरून आलं. आगरातून, भातखाचरांतून, घरकाम टाकून या बाया पुस्तकांसाठी आल्या होत्या! त्यांनी मनस्वीला हाक मारली. खुर्च्या ओढल्या. स्वतः पंखा लावला.

"बसा, बसा. मला आधी सांगा, तुमची आवड काय?"

"आवड कसली? गुडगं नि पोटऱ्या."

"आरोग्यविषयक," माधवरावांनी मनस्वीला सांगितलं. "मधलं कपाट उघड."

"दुकंल काय वो?" मागून एकीने भीत भीत विचारलं.

"सुरुवातीला जरा डोळ्यांना जाणवेल. सवय नसते ना."

बायांनी एकमेकींकडे बघितलं. "डोल्याना लावताव?"

"डोळ्यांपासून हातभर लांब धरायचं. अगदी जवळ धरलं तर त्रास होतो. रोज थोडं थोडं केलं की महिन्याभरात सोडवणार नाही, बघा!"

"ता सगला ठीक हाय," गिरजाबाई खोलीभर नजर फिरवत म्हणाली, "पन मशीन कुटं हाय?"

मनस्वीच्या लक्षात आधी आलं. तिने ओढणीचं टोक तोंडात धरलं आणि कपाटाकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या हलणाऱ्या पाठीवरून माधवरावांना कळलं की काहीतरी फार चुकलेलं आहे. पेणच्या बाजारात हल्ली पायांच्या मशीनची मोफत शिबिरं लागतात. मशीनवर पाय ठेवायचे, ते थरथरतं, आणि म्हणे रक्ताभिसरण सुधारतं. तिथेही दाराशी हाच शब्द लिहिलेला असतो. माधवराव रोज तिथूनच जात होते, पण आजवर त्यांनी तो कधी वाचलाच नव्हता.

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. बोलताना त्यांचा आवाज लहान होत गेला. बाया ऐकत होत्या.

"म्हंजे नुसती पुस्तकां?" गिरजाबाई म्हणाली.

"हो."

"आमाला तर वाचता पन येत नाय, मास्तर."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती नुसतीच बसून राहिली, पदराने मानेचा घाम पुसत. परतीची गाडी दुपारशिवाय नव्हती. माधवरावांनी चहा मागवला. 'खुर्चीवर पाय ठेवू नयेत' अशी सूचना त्यांनीच भिंतीवर लावली होती. त्या सूचनेकडे पाठ करून त्यांनी प्रत्येकीसमोर एकेक जादा खुर्ची ठेवली. "पाय वर घ्या. गाडीला वेळ आहे." आणि आता करायचं काय, हे न सुचल्यामुळे ते भिंतीवरच्या नकाशाकडे बघत उभे राहिले.

मनस्वीनेच कपाटातून एक पुस्तक काढलं. मुखपृष्ठ गळालेली, पिवळी पडलेली रहस्यकादंबरी होती. "आजी, वाचून दाखवू? वेळ तरी जाईल." पहिल्या प्रकरणातच एका गडगंज सावकाराला दुधातून विष देण्यात आलं. दुसऱ्यात त्याचा पुतण्या, त्याची दुसरी बायको, मुनीम आणि स्वयंपाकी असे सगळे एकमेकांवर घसरू लागले. मनस्वी वाचायची झकास. मुनिमाच्या तोंडी ती असा तेलकट आवाज लावायची की पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्यांनीही पेपर खाली केले. दुधाचा पेला धुतलेला सापडला, आणि तिने पुस्तक मिटलं. गाडीची वेळ झाली होती.

"आता?" गिरजाबाई म्हणाली.

"आता उद्या."

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या परत आल्या. शिवाय गिरजाबाईने दारातच जाहीर केलं की काल रात्री तिला छान झोप लागली, आणि पायाची सूज उतरली. यात चमत्कार काही नव्हता. मिठागरात उभं राहून, भातात वाकून, घरी चुलीपुढे बसून आयुष्य काढलेल्या त्या बाईला सकाळभर पाय वर करून कुणी बसूच दिलं नव्हतं. पण तिने त्याचं श्रेय पाटीला दिलं, आणि तेही पेण स्टेशनवर, मोठ्याने.

मग काय विचारता! आठवड्याभरात लोकहितमध्ये बसायला जागा उरली नाही. सुजलेले पाय, आखडलेल्या टाचा, मुरगळलेले घोटे. पेण तालुक्यात इतके पाय असतील याची भूगोलाच्या शिक्षकालाही कल्पना नव्हती. पुस्तक ऐकायला आलेले आणि पाय घेऊन आलेले यांच्यात फरक करणं अशक्य होतं, कारण पाय घेऊन आलेले बसले की पुस्तक ऐकू लागत, आणि खुनी कोण यावर भांडत. काळुरामने वाचनालयाच्या पायरीवर तेलाच्या बाटल्या मांडल्या.

"काळुराम, हे बरं दिसत नाही," माधवराव म्हणाले.

"माधवराव, तुम्ही सर्क्युलेशन करताय, मी तेल देतोय. दोघं मिळून लोकांचं भलं करू. तुम्ही फक्त खुनी लवकर पकडू नका. पुस्तक लांबवा."

सल्ले तर इतके आले की ते ठेवायलाच वेगळं कपाट लागलं असतं. दिघेकाकांचं म्हणणं, टेबल काढून गाद्या घाला. शेजारच्या इस्त्रीवाल्याचं म्हणणं, गरम वाळूच्या पुरचुंड्या ठेवा, वाळू तापवून तो देईल. समितीचे अध्यक्ष फोनवर म्हणाले, गर्दी होतेय ना, मग होऊ दे. अनसूयाबाईंनी सल्ला दिला नाही. त्या फक्त रोज संध्याकाळी विचारायच्या, "आज किती पाय आले?"

माधवरावांनी शेवटी सत्याचा मार्ग धरला. निकेशला गाठून त्यांनी पाटीखाली एक ओळ लिहून घेतली: 'येथे कोणत्याही प्रकारचा उपचार केला जात नाही.' दुसऱ्या दिवशी गर्दी वाढली. एक गृहस्थ रांगेतल्या दुसऱ्याला समजावत होते, "तसं लिहावंच लागतं हो. कायद्यात पकडू नये म्हणून. खरा गुण येतो तिथेच असं लिहितात."

मग कुठल्याशा कचेरीतून एक साहेब आले. त्यांच्याकडे तक्रार गेली होती. बहुधा बाजारातल्या मशीनवाल्याची. साहेबांनी पाटी वाचली, तेल पाहिलं, खुर्च्यांवरचे पाय पाहिले.

"उपचार केंद्राची परवानगी?"

"हे वाचनालय आहे. इथे उपचार होत नाहीत."

"मग तसा दाखला दाखवा."

"कसला दाखला?"

"उपचार होत नसल्याचा."

"तो कोण देतं?"

साहेबांनी विचार केला. "जो उपचार करतो, त्याला आम्ही परवाना देतो. जो करत नाही, त्याला दाखला द्यायची पद्धत नाही. तुम्ही असं करा, परवान्यासाठी अर्ज करा. आम्ही तपासणी करून तो नामंजूर करू. नामंजुरीचं पत्र लावून ठेवा."

जन्मात कधी खोटी हजेरी न मांडलेले माधवराव त्या संध्याकाळी घरी येऊन, न करत असलेल्या धंद्याच्या न मिळणाऱ्या परवान्यासाठी अर्ज लिहीत बसले. व्यवसायाचं नाव या रकान्यात काय लिहावं ते त्यांना सुचेना. अनसूयाबाईंनी त्यांच्यापुढे शेंगदाण्याचा लाडू ठेवला आणि म्हणाल्या, "पाटी उतरवा हो."

"समितीने ठराव करून लावलीय. उतरवायलाही ठराव लागतो. आणि सभा भरायला माणसं लागतात."

"माणसं? तुमच्याकडे?" अनसूयाबाई म्हणाल्या, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच मनमोकळं हसल्या. माधवरावांना मात्र लाडू गोड लागला नाही.

आणि या सगळ्यात एका सकाळी, काही न कळवता, वाचनालयांची तपासणी करणारे ठाकूरसाहेब दारात उभे राहिले. किडकिडीत माणूस, काखेत फाईल, चेहऱ्यावर अनेक वर्षांचा अविश्वास. मनस्वी त्या वेळी सतराव्या प्रकरणात होती. खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती.

ठाकूरसाहेबांनी दारातूनच मान हलवली.

"वा, कार्यवाह! बरीच मंडळी गोळा केलीत. तपासणी आली की सगळीकडे अशीच वाचनाची आवड उफाळून येते. एका गावात तर मी पुस्तकं उलटी धरलेले वाचक बघितलेत." ते गिरजाबाईपुढे थांबले. "काय आजी, कुणी बोलावलं इथे? चहा मिळणार आहे का?"

माधवरावांचे कान तापले. आजवर त्यांच्यावर कुणी हसलं असेल, पण लबाड कुणी म्हटलं नव्हतं.

"साहेब, माझं चुकलं असेल तर माझं नाव लिहा," ते म्हणाले. "पाटी मी लावली. शब्द मला नवा होता. पण ही माणसं भाड्याची नाहीत."

"मग सांगू दे ना त्यांना, काय वाचताहेत ते."

गिरजाबाईने खुर्चीवरचे पाय खाली घेतले. मग ती जे बोलायला लागली, ते दुधाच्या पेल्यापासून सतराव्या प्रकरणातल्या अंगठीपर्यंत थांबलीच नाही. सावकार मेला, पेला कुणी धुतला, पुतण्या त्या रात्री घरात होता म्हणून सांगतो पण त्याच्या चपलांना चिखल कसा, दुसरी बायको रडते पण डोळ्यांत पाणी नाही. मध्ये दुसरीने तोडलं की पुतण्या गरीब आहे, खून स्वयंपाक्याने केला. त्यावरून दोघींची जुंपली. दिघेकाका पुतण्याच्या बाजूने उतरले. इस्त्रीवाला खिडकीतून ओरडला की बायकोच, बायकोच.

ठाकूरसाहेब ऐकत उभे होते. हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी मनस्वीच्या हातातलं पुस्तक बघितलं, पान उलटलं, आणि लहान मुलासारखे हसले.

"अरे, हे! शाळेत असताना पांघरुणात बॅटरी लावून वाचलं होतं मी. शेवटी तो मुनीम निघतो ना!"

खुर्च्यांवरचे उरलेले पाय एकदम खाली आले.

मग गिरजाबाई उठली. कशाचाही आधार न घेता. "मुनीम? मुनीम बोललास तू? आमी किती दिस गाडीनं येतंव, अजून सात परकरनां बाकी हायत, नि तू आयलास नि सांगून टाकलास? तुला आयबापांनी काय शिकवला नाय?"

सगळ्याच बाया उठल्या. दिघेकाकांनी पेपर आपटला. इस्त्रीवाला खिडकीतून म्हणाला, "साहेब, हे बरोबर नाय केलं तुम्ही." ठाकूरसाहेब दोन पावलं मागे सरले, फाईल छातीशी धरली, आणि म्हणाले, "माफ करा. खरंच माफ करा. तोंडातून निसटलं."

बाया चपला घालून निघून गेल्या. पाठोपाठ सगळी खोली रिकामी झाली. काळुरामने बाटल्या गोळा केल्या. ठाकूरसाहेब बाकावर बसले, मनस्वीने त्यांना पाणी दिलं.

"भाड्याची गर्दी मी पुष्कळ बघितलीय," ते पेला खाली ठेवत म्हणाले. "पण भाड्याचं माणूस कधी अंगावर धावून आलेलं नाही. हे खरे वाचक आहेत. पण कार्यवाह, ऐकणारे मला लिहिता येत नाहीत. पुस्तक घरी गेलं तरच देवघेव. महिनाअखेरीस परत येतो. तोवर काय करता ते बघा."

त्यानंतर वाचनालय पुन्हा पूर्वीसारखं झालं. पंखा फिरत होता, म्हातारे पेपर वाचत होते. माधवरावांना खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. नामंजुरीचं पत्रही आलं होतं, पण ते लावण्यात आता अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी उगाच खुर्च्या समोरासमोर लावल्या, आणि मग परत नीट ठेवल्या. तिसऱ्या दिवशी मनस्वी म्हणाली, "सर, त्या येणार नाहीत. त्यांचा सगळा रस गेलाय."

"मग आपण जाऊ," माधवराव म्हणाले. हे वाक्य कुठून आलं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

मनस्वीला वाचनालय सोडता येत नव्हतं. माधवरावांनी बाजाराच्या दोन पिशव्या घेतल्या, त्यांत तिने निवडून दिलेली पुस्तकं भरली, आणि दुपारच्या गाडीने ते कासूला उतरले. उन्हात पिशव्यांचे बंद बोटांत रुतत होते. गिरजाबाईचं घर शोधायला त्रास पडला नाही. आवाज लांबूनच येत होता.

गिरजाबाई ओटीवर सुकट निवडत बसली होती. तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"मुनीमच निघाला ना?"

"हो," माधवराव म्हणाले. "पण दुसरं आणलंय."

"यांत कोन मेलाय?"

"अजून कुणी नाही. पहिल्या पानावर सगळे जिवंत आहेत."

गिरजाबाईने सुकटीचं सूप बाजूला सारलं. "बसा मग. गो पुतळे, मास्तरना पानी दे! नि सगल्यांना हाक मार!"

पुतळी तिची सून. ती पाणी घेऊन आली, आणि पिशवीतली पुस्तकं बघून तिथेच उकिडवी बसली. तिला वाचता येत होतं. दहावीपर्यंत शिकलेली होती, आणि लग्न झाल्यापासून तिच्या हातात पुस्तक आलंच नव्हतं. तिने एक उचललं, पदराला हात पुसून मग उघडलं. "घरी ठेवलं तर चालंल काय सर? वाचून देते परत." शेजारच्या घरांतून आणखी सुना आल्या, एक शाळेत जाणारी पोरगी आली. पिशव्या बघता बघता निम्म्या झाल्या. सासवांना मात्र पुस्तक घरी न्यायचं नव्हतं. त्यांना ते तिथेच, आत्ता, ऐकायचं होतं.

माधवरावांनी चष्मा लावला. आयुष्यात त्यांनी गोष्ट कधी वाचून दाखवली नव्हती. फार तर नदीचा उगम आणि तिचं खोरं. पहिलं पान त्यांनी सह्याद्रीची रांग समजावून सांगावी तसं वाचलं. दुसऱ्या पानावर एका म्हातारीने त्यांना सांगितलं की मास्तर, जरा घाबऱ्या आवाजात वाचा. माधवरावांनी घाबरा आवाज लावून बघितला. तो जमला. मग त्यांनी वाड्यातल्या करड्या दिवाणजीचा आवाज लावला, मग मुक्या पोरीच्या बापाचा, आणि मग ते थांबेचनात. कधीतरी त्यांनीही पाय वर घेऊन मांडी घातली. ओटीपुढून माणसं जात होती, ती थांबत होती. ऊन उतरलं. पुतळीने दिवा लावला. लांबून गाडीची शिटी ऐकू आली. माधवरावांनी मान उचलली, घड्याळाकडे बघितलं, आणि पान उलटलं.

फोन वाजला. अनसूयाबाई होत्या.

"अहो, कुठे आहात? गाडी गेली ना तुमची?"

"गेली," माधवराव घाईघाईने म्हणाले. "शेजारच्या शौनकला मोटरसायकल घेऊन पाठव. थोड्या वेळाने. आत्ता नको, इथे कुणीतरी विहिरीत पडलंय."

"अगं बाई! कोण पडलं?"

"तेच तर बघतोय," माधवराव म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवून दिला.